पडलेली फिफ्टी

लेन्स हातातून निसटली की माणूस ती उचलतो, काच बघतो आणि लगेच कानाशी नेऊन नारळासारखी हलवतो. आत काही वाजलं की तोंड उतरतं. खरं तर त्या आवाजावर फार जाऊ नये. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून काही लेन्समध्ये भिंगांचा एक गट मोकळा ठेवलेला असतो. अशा कित्येक लेन्स कोऱ्या करकरीत असतानाही खुळखुळतात. उलट खरोखर बिघडलेली लेन्स कधी कधी ढिम्म आवाज करत नाही.

साताऱ्यात फोटोचा नाद असलेल्याला लेन्स पाडायला जागा भरपूर. अजिंक्यताऱ्याची चढण आहे, सज्जनगडाच्या पायऱ्या आहेत. पण सगळ्यात वाईट कासचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं, सप्टेंबरात गालिचा अंथरल्यागत दिसतं, सगळं कबूल. पण त्या फुलांखाली माती नावापुरती आणि लगेच जांभा. खडबडीत, भोकाभोकांचा. त्यावर पडलेली वस्तू टप्पा घेत नाही, खरवडून निघते.

माझ्या भाच्याची फिफ्टी तिथेच पडली. फिफ्टी म्हणजे ५० मिलिमीटरची, एफ १.८ वाली (तोंड मोठं उघडतं, म्हणून मागचं पुसट येतं), कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सनंतर पोरं पैसे साठवून पहिली घेतात ती. भुरभुर पाऊस, काखेत छत्री आणि त्यातच लेन्स बदलायची घाई. सुटली आणि सरळ दोन तुकडे झाले. पुढचं नळकांडं एकीकडे, कॅमेऱ्यात अडकतो तो माउंट दुसरीकडे, मध्ये नारिंगी चपटी केबल लोंबतेय. मी मनातल्या मनात तिचं तेरावं घालून मोकळा झालो होतो. पोराने मात्र दोन्ही भाग शर्टाला पुसले, खाचा जुळवल्या आणि दाबलं. टक्. "मामा, बसली की!" कॅमेऱ्याला लावली तर फोटोही आला. ऑटोफोकस तेवढा घरघरला आणि कायमचा गप्प झाला.

स्वस्त लेन्स नाजूक असते असं दुकानदारापासून लग्नाच्या फोटोग्राफरपर्यंत सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. कॅननची १९८७ सालची पहिली फिफ्टी धातूच्या माउंटची होती; १९९० साली दुसरी आवृत्ती आली तिचा माउंटच प्लॅस्टिकचा. लोकांनी नाकं मुरडली आणि पुढची पंचवीस वर्षं तीच विकत घेतली. २०१५च्या आवृत्तीत धातूचा माउंट परत आला. पण त्या प्लॅस्टिकवालीचं वजन होतं जेमतेम १३० ग्रॅम. लग्नवाल्यांकडची पांढरी ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) दीड किलोच्या घरात जाते. पडण्याची उंची तीच असली तर जमिनीवर बसणारा दणका वजनाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे मोठीला दहापटीहून जास्त. शिवाय प्लॅस्टिक जरा वाकतं आणि परत जागेवर येतं. लेन्सच्या तोंडाच्या धातूच्या रिंगेला एकदा पोचा आला की समोरची फिल्टरची काच बसत नाही, आणि बसलेला निघत नाही.

लेन्स कॅमेऱ्यासकट पडली तर हिशेब वेगळा. तिथे सगळा ताण माउंटवर येतो. माउंटचे प्लॅस्टिकचे कान मोडतात आणि बॉडी, म्हणजे कॅमेरा, वाचते, असं त्याचे कैवारी म्हणतात. नेहमीच तसं होतं असं नाही, पण बॉडीची किंमत आठवली की हा युक्तिवाद गोड लागतो. मी स्वतः हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडाला ऊन अडवायला लावतात त्या टोपणावर, विश्वास ठेवणारा माणूस. ऊन असो नसो, हूड लावलेला असावा. पहिला फटका तो खातो, आणि नवा हूड घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही.

पण फोटो आला म्हणजे लेन्स ठीक आहे असंही नाही. आतलं एखादं भिंग केसभर तिरकं झालं तरी फोटोची एक बाजू पुसट येते. हे तपासायला विटांची भिंत पुरते. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं, आणि मग चारही कोपरे मोठे करून बघायचे. भाच्याच्या लेन्सचा डावीकडचा वरचा कोपरा गेलेला निघाला. लग्नाच्या फोटोत हे कुणाच्या बापाला कळणार नाही. नवरी मधोमध असते आणि मागच्या खुर्चीतले काका एफ १.८ला तसेही पुसटच येणार. किल्ल्याच्या तटबंदीचा फोटो काढला की मात्र सगळं उघडं पडतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो. "पुण्याला पाठवावी लागंल, आन् खर्चात नवी येईल," असं उत्तर मिळालं. ते बरोबरच होतं. तसं बघितलं तर आमच्याकडे पडण्यापेक्षा पावसाळ्यानेच जास्त लेन्सा मारल्यात. चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवलेली महागडी लेन्स दिवाळीला काढावी, तर काचेवर बुरशीचं जाळं. ती बुरशी कोटिंग खाते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढाच उपाय, आणि तोच कुणी करत नाही.

पोराने त्या फिफ्टीचं काय केलं, तर तिच्या फिल्टरच्या आट्यांवर रिव्हर्स रिंग चढवली आणि ती कॅमेऱ्याला उलटी लावली. उलटी फिफ्टी म्हणजे फुकटातली मॅक्रो, बारीक वस्तू मोठी दाखवणारी लेन्स. ऑटोफोकस उलट्या लेन्सला तसाही चालत नाही, त्यामुळे त्याचं दुःखही संपलं. कॅमेरा स्वतःच पुढेमागे सरकवून फोकस करायचा. सीतेची आसवं हे निळसर जांभळं, नखाएवढं फूल अशा लेन्सने अख्खी फ्रेम भरतं, फक्त स्पष्ट दिसतो तो कागदाच्या जाडीएवढा भाग. नवी लेन्स घेतलीय त्याने, पण पठारावर ती बॅगेतच असते.

परवा त्याने फोटो पाठवला. फूल झकास आलंय. एका कोपऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाला, "मामा, ते मुद्दाम ब्लर केलंय."