बैल नसताना आणलेला साज

आमच्या घरी बैल नाहीत. तीन वर्षांपूर्वी बाबांनी जोडी विकली आणि शेत मक्त्यानं दिलं. तरी गेल्या पोळ्याआधी त्यांनी बाजारातून चार वेळा साज आणला: झुली, घुंगरमाळा, बेगड. रात्री दोनला उठून फवारणीचा पंप खोलायचे, जोडायचे, परत खोलायचे. मी त्यांच्यावर दोनदा फार ओरडलो. ते अजून सलतं.

मग पानठेल्यावरची मटक्याची उधारी कळली. चाळीस हजार. ज्या माणसानं आयुष्यभर चहासुद्धा उधार घेतला नाही, त्याची.

बाबांना पार्किन्सन्स होऊन पाच वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आम्ही एसटीनं नागपूरला जातो. तिथं दर वेळी हाताचा कंप आणि चाल पाहायचे, गोळ्या लिहून द्यायचे. या वेळी मीच साज आणि मटक्याचं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच गोळ्यांची चिठ्ठी मागितली. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधासोबत प्रामिपेक्सोल नावाची गोळी होती, आणि वर्षभरापूर्वी तिचा डोस वाढवला होता.

त्यांनी प्रश्नांचा एक फॉर्म काढला. जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा, एकच काम तासन्‌तास करत बसणं, ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या घेणं. आधी बाबांना एकट्याला विचारलं, मग आईला वेगळं. लैंगिक इच्छेचा प्रश्न आला तेव्हा मला बाहेर पाठवलं. ते बरं झालं, माझ्यासमोर आई बोललीच नसती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. एवढंच म्हणाली, "वर्षभरापासून मनात होतं, पण सांगू कोणाले?"

बाबांनी आधी सगळ्यालाच नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, हा तुमचा स्वभाव नाही, गोळीचा परिणाम असू शकतो." तेव्हा ते हळूच बोलले, "मले समजे, पण हात थांबेना."

डॉक्टरांनी समजावलं की प्रामिपेक्सोल मेंदूत डोपामिन या तिथल्याच रसायनासारखं काम करते. हालचालीला मदत होते, पण बक्षिसाची ओढ लावणारा भागही चेतवला जातो. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असं वागणं आढळलं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे आमचंच घर नव्हतं. मग गोळी सुरू करतानाच हे कोणी का सांगितलं नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही.

मी तर त्याच रात्री गोळी बंद करणार होतो. डॉक्टरांनी बजावलं, एकदम सोडायची नाही. घबराट, घाम, बेचैनी, उदासी येऊ शकते. डोस हप्त्याहप्त्यानं उतरवला आणि लेव्होडोपा थोडी वाढवली. मधल्या दिवसांत बाबांचं अंग जड झालं, चिडचिड वाढली. पैसे आईकडे ठेवले. पानठेलेवाल्याला मी स्वतः भेटून सांगितलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म. या वेळी बाबाच आधी बोलले, "मटका बंद हाय. पंप मात्र हप्त्यातून एखांद्या राती खोलतो." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.