तक्रारीच्या पोचीसाठी झगडले, तेव्हा नोकरी परत मिळाली

सोलापूरच्या एका अनुदानित शाळेत मी कायम शिक्षिका आहे. पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पोत्यावर 50 किलो छापलेलं, काट्यावर भरलं 46. नोंदवहीत मी तेच लिहिलं आणि वर लेखी तक्रार केली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम मिळतात. म्हणजे एका पोत्यामागे चाळीस लेकरांचं जेवण गायब. मग संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली आणि पाठोपाठ, कसलीही चौकशी न करता, सेवासमाप्तीचा आदेश.

संस्थेचं म्हणणं असं की नोटीस मिळाल्यावर बाईंनी रागाने तक्रार केली. म्हणजे सगळं तारखेवर आलं. आणि तारीख अडकली होती, जिथे तक्रार दिली त्या कार्यालयाच्या आवक टेबलावर. तक्रार देताना माझ्या प्रतीवर शिक्का मागितला, तर "ठेवून जा मॅडम, साहेब बघतील." शिक्का समोर, शाईचा पॅड समोर, पण उठवायचा नाही. नंतर गेले तर टेबलवाले रजेवर. पुढे "असा अर्ज आलाच नाही" इथपर्यंत मजल गेली. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, व्हरांड्यात टेकायला बाक नाही, आणि आतून कुणी मान वर करून बघत नाही. आजही आठवलं की संताप होतो.

शेवटी दहा रुपये भरून माहिती अधिकारात आवक नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली. 30 दिवसांत उत्तर नाही. प्रथम अपील केलं, तेव्हा पान आलं. त्यात माझा अर्ज, क्रमांकासकट, नोटिशीच्या आधीच्या तारखेला नोंदलेला होता!

मात्र या पानासाठी सेवासमाप्तीविरुद्धचं अपील थांबवू नका. 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 नुसार आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात जावं लागतं. ते सोलापुरातच आहे. मी मुदतीत गेले, पान मागाहून जोडलं. कायम कर्मचाऱ्याला चौकशी समितीशिवाय काढता येत नाही, आणि त्या समितीत एक सदस्य आपल्या पसंतीचा असतो. आदेश रद्द झाला, थकीत पगारासह मी रुजू झाले. मस्टरवर सही करताना खूप अभिमान वाटला.

जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा 2014 चा केंद्रीय कायदा संसदेत मंजूर झाला, पण लागूच केलेला नाही. त्यावर विसंबू नका.

पोच नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. जिल्हा परिषद शाळांतल्यांना 1977 चा कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी 1964 चे शिस्त व अपील नियम आहेत. आणि नुसतं निलंबन झालं असेल तर ते कलम 9 मध्ये येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता घेतली होती का, हे आधी लेखी विचारा.