पाव गोल फवारा, पाव पाणी

ज्याच्या वावराला रोड लागून आहे त्यालाच धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, स्प्रिंकलरचं दुखणं समजतं. हरभऱ्याले ओलीत लावलं की मधले नोझल आपापलं काम गुमान करतात, पण धुऱ्याजवळचा अर्धं पाणी आपल्या हरभऱ्यावर टाकतो अन् अर्धं रोडवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याच्या फुटलेल्या कापसावर. वेचणीला आलेला कापूस भिजवला की मग पंचायत बसते बाप्पा. त्यावर आपल्याकडचे दोनच इलाज, एक तर धुरा सोडून नोझल आत घ्यायचा अन् कडेच्या ओळी कोरड्या ठेवायच्या, नाहीतर अर्ध्या गोलात फिरणारा पार्ट सर्कलवाला आणायचा, ज्याच्या गळ्यात दोन कड्या असतात, तो टक टक टक करत एका कडीपर्यंत जातो अन् टर्रर्र करत मागं येतो.

माझं पाईप-पंपाचं दुकान आहे आर्वीकडे, त्यामुळे हा पार्ट सर्कलवाला मी बराच विकतो. विकतो, पण त्याचं एक गणित सहसा कोणी विचारत नाही म्हणून इथं सांगून टाकतो. आपला नेहमीचा पितळी नोझल, ४.४ अन् ३.२ मिलिमीटरच्या दोन तोंडांचा, अडीच किलो प्रेशरला (चौरस सेंटीमीटरवर अडीच किलो) ताशी साधारण १७०० लिटर पाणी फेकतो. पूर्ण गोल फिरो की पाव गोल, तोंडातून निघणारं पाणी तेवढंच. १२ बाय १२ मीटरवर लावला तर १४४ चौरस मीटरला १७०० लिटर, म्हणजे ताशी १२ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला म्हणा. आता हाच कोपऱ्यात नेऊन पाव गोलावर बांधला तर तेच पाणी पाव जागेत पडतं, म्हणजे चौपट. मधे हरभरा मजेत अन् कोपऱ्यात चिखल, अन् चिखल झाला की मर लागते. मग एक तर त्याला बारीक नोझल टाका नाहीतर लवकर बंद करा. रात्री लाईट येते तेव्हा वावरात जाऊन एकच नोझल कोण बंद करतंय.

हा टक-टकवाला मूळचा कॅलिफोर्नियातला, ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्टनं १९३३ साली काढला. तो भागही तेव्हा संत्र्या-लिंबाच्या बागांचाच होता, त्यामुळे आपल्या वरूड-मोर्शीवाल्यांनी त्याला आपलाच माणूस समजायला हरकत नाही. डोकं जबरदस्त लावलंय त्यानं, पाण्याच्याच धारेनं हातोडी मारायची अन् स्वतःलाच ढकलत फिरायचं, ना मोटर ना गिअर. पण कोपऱ्याचं वरचं गणित त्यात सुटत नाही, कारण तिथं धार तेवढीच राहते, फक्त तिचं फिरणं कमी-जास्त करता येतं.

ते गणित मला सुटलेलं दिसलं ते वावरात नाही, लग्नाच्या लॉनमधे. माझ्या मावसभावानं रोडच्या कडेची दोन एकर पाडून तिथं लॉन उघडलं, मेक्सिकन गवत लावलं, स्टेज केलं, गेटवर लायटिंग केली. पाण्यासाठी जमिनीत गाडलेले पॉपअप घेतले. पाणी आलं की चार इंच वर निघतात, बंद झालं की स्प्रिंगनं खाली बसतात, त्यामुळे पंगतीच्या खुर्च्या अडकत नाहीत (मांडववाले सब्बल ठोकून खालचा पाईप फोडतात तो विषय वेगळा). या पॉपअपच्या डोक्यावर जो बारका प्लास्टिकचा नोझल असतो, कॉलर हातानं फिरवून पाहिजे तेवढ्या कोनात उघडता येतो, तो मी खोलून पाहिला अन् खरं सांगतो, दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून पाहतच बसलो.

आपल्याला वाटतं की आत झाकण असेल, अर्धं झाकलं की अर्धा फवारा. तसं केलं असतं तर फट कुठं जाड कुठं बारीक झाली असती अन् पाणी कुठं लांब कुठं पायाशी पडलं असतं. आतमधे आहे काय, तर मधे एक दांडा आणि बाहेर कॉलर. दांड्याच्या डोक्याखालची कड सपाट नाही, गोल जिन्यासारखी चढत जाते, पूर्ण एक फेरा झाला की जिथून निघाली त्याच्या बरोबर वर येते, अन् तिथं एक सरळ उभी पायरी असते. कॉलरच्या वरच्या ओठाला अगदी तेवढ्याच चढाची जोडीदार कड. दोन्ही कडा एकमेकीवर पूर्ण बसल्या की फट नाही, पाणी बंद. आता कॉलर फिरवा. ती आट्यांवर बसलीय अन् त्या आट्यांचा चढही तेवढाच ठेवलाय, म्हणून ती फिरता फिरता खाली उतरते, अन् गंमत अशी की उतरली तरी बाकीच्या घेऱ्यावर कडा चिकटलेल्याच राहतात. उघडतं ते फक्त दोन पायऱ्यांच्या मधलं. ९० अंश फिरवली तर ९० अंशाची फट, १८० फिरवली तर १८० ची. फटीची उंची मात्र पायरीएवढी, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच.

यातच सगळं आलं. पाणी किती लांब जाईल अन् थेंब केवढा पडेल हे फटीच्या जाडीवर अन् प्रेशरवर ठरतं, पाणी किती निघेल हे फटीच्या लांबीवर. जाडी तीच ठेवून लांबी कमी केली की कोन कमी होतो, त्याच हिशोबानं पाणीही कमी होतं, अन् फेक तेवढीच राहते. १५ फुटांची फेक असलेला असा नोझल २ किलोच्या आसपास प्रेशरला पूर्ण गोलात मिनिटाला १४ लिटर देतो, अर्ध्यात ७, पावात साडेतीन. म्हणजे कोपऱ्यातला, कडेचा अन् मधला, तिघं एकाच लाईनवर, एकाच वेळी चालू-बंद, अन् जमिनीवर सगळीकडे तेवढंच पाणी. आमच्या धुऱ्यावरच्या चिखलाचं उत्तर हेच, फक्त ते गवतवाल्यांना मिळालं अन् हरभरावाल्यांना नाही.

फट दिली म्हणजे तिची खोडीही आली. कोन बारीक केला, ३०-४० अंशावर आणला, की एवढ्याशा फटीत एक कण अडकला तरी मधूनच फवाऱ्याची फाक पडते अन् तेवढी गवताची पट्टी पिवळी. पायरीच्या बाजूला थोडं पाणी झिरपतं, म्हणून दोन्ही टोकांना धार जरा जाड दिसते. ज्याचा कोपरा काटकोनातच आहे त्यानं सरळ पक्क्या ९० अंशाचा नोझल घ्यावा, तो जास्त सारखा पडतो. फिरवायचा नोझल तिरप्या जागेसाठी, स्टेजच्या वळणासाठी, जिथं ११० अंश नाहीतर २४० अंश पाहिजे तिथं. दुकानदार सगळीकडे फिरवायचाच देतो कारण एकच माल ठेवावा लागतो, मी पण देतो, पण विचारलं तर खरं सांगतो.

अन् आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. फटीच्या ओठावर पांढरी खपली धरते. तिथं पिन घालून खरवडू नका. प्लास्टिकच्या धारेवर ओरखडा पडला की तो फवाऱ्यात कायमचा दिसतो. लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर टाकायचा, जुन्या टूथब्रशनं पुसायचा, अन् खालची जाळी काढून धुवायची. ती जाळी काढून फेकणारे पण महाभाग आहेत.

डोक्यावर एक बारीक स्टीलचा स्क्रू असतो. तो आवळला की खालून येणारं पाणी अडतं अन् फेक कमी होते. पाव भागापर्यंत कमी करा, त्याच्या पुढं फवारा विस्कटतो. यात पण एक गोम आहे, १६ फुटांची फेक १२ वर आणली म्हणजे जागा पाव भागानं नाही, जवळपास ४४ टक्क्यांनी कमी होते, कारण वर्तुळाचा हिशोब वर्गात चालतो. स्क्रूनं पाणी बरोबर तेवढंच कमी झालं तर ठीक, नाहीतर तिथं जास्त पडणार. म्हणून फेक खूपच कमी पाहिजे असेल तर स्क्रू पिळत बसण्यापेक्षा ८ किंवा १० फुटांचाच नोझल बदलून लावावा. रंगावरून ओळखू येतात.

आता मावसभावाची तक्रार. फिटिंग झाल्यावर फोन आला, "काऊन गा, तुह्या नोझलचं पानी तं पायापाशीच पडून रायलं, डुप्लिकेट माल हाय का?" जाऊन पाहिलं तर पाणी टाकीवरून दिलेलं. टाकी १५ फुटांवर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको, १५ फूट म्हणजे साडेचार मीटर, अर्धा किलो पण नाही, अन् नोझल मागतोय दोन. मी म्हटलं माल बरोबर आहे भाऊ, टाकी बुटकी आहे. तर त्यानं प्लंबरला सांगून बोअरची सबमर्सिबल सरळ लाईनवर जोडून घेतली. आता उलटं. नोझलमधून फवारा नाही, धुकं निघायला लागलं, अन् ते धुकं वाऱ्यानं सरळ सोफ्यांवर. लोकांना वाटतं प्रेशर जास्त म्हणजे पाणी लांब जाईल. तसं होत नाही. प्रेशर दुप्पट केलं तर पाणी दुप्पट नाही, फक्त १.४ पट निघतं, कारण ते प्रेशरच्या वर्गमुळावर चालतं, अन् उरलेला जोर थेंब फोडण्यात जातो. बारीक थेंबाला हवा लगेच अडवते, मग तो लांब जात नाही. एप्रिल-मे महिन्यात ४५ च्या उन्हात तो जमिनीवर पोचायच्या आधीच बराचसा उडून जातो. शेवटी जास्तीचं पाणी बाजूला सोडायला बायपासचा कॉक लावला, लाईनच्या शेवटच्या टोकाला गेज लावला, अन् तिथं दोनवर काटा आणला. गेज पंपापाशी लावून उपयोग नाही, सगळ्यात लांबच्या नोझलला काय मिळतंय ते पाहायचं.

सोलर पंपवाल्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं. ढग आला अन् पंपाचे फेरे ८० टक्क्यांवर आले तर प्रेशर ८० टक्के राहत नाही, ६४ वर येतं. त्यामुळे सकाळी नऊला सेट केलेला स्प्रिंकलर दुपारी बाराला वेगळाच वागतो. दुपारी चांगला फेकतो म्हणून नोझल वाढवले की सकाळ-संध्याकाळ सगळे माना टाकतात. नोझल मोजून कमीच लावावे.

पाणी सारखं पडतंय का हे पाहायला लॉनवर डिस्पोजल ग्लास मांडले, त्याची काही कमी नव्हती तिथं. ग्लासचं तोंड ७ सेंटीमीटरचं असेल तर ३८ मिलीलिटर पाणी म्हणजे १ सेंटीमीटर पाऊस. ढोरांच्या औषधाची सिरिंज घेऊन मोजायचं. एका नोझलचं पाणी दुसऱ्या नोझलच्या पायापर्यंत पोचलंच पाहिजे, कारण एकटा नोझल सगळीकडे सारखं टाकत नाही, दोघांचं एकावर एक पडून सारखं होतं. पैसे वाचवायला १५ फुटांच्या नोझलमधे २०-२२ फूट अंतर ठेवतात अन् मग मधे सुकलेले चट्टे दिसले की खत मारतात.

अन् आमची काळी जमीन. हे फवारे गवतावर ताशी ४० मिलिमीटर पाणी टाकतात, वावरातल्या टक-टकच्या तिपटीहून जास्त. काळी माती भेगाळलेली असली तर पहिलं पाणी घटाघट पिते, एकदा फुगली की पीतच नाही, मग पाणी वाहून गेटपाशी. म्हणून सलग अर्धा तास चालवायचंच नाही, सात-आठ मिनिटं चालवा, तासभर थांबा, पुन्हा चालवा, अन् ते पण पहाटे.

पंगतीत बसलेल्या एका संत्रावाल्या पाहुण्यानं हे सगळं ऐकलं अन् विचारलं की असा कोन बांधलेला नोझल झाडाखाली चालेल का. चालतो ना. झाडाच्या बुडाला पाणी लागलं की फायटोफ्थोरा बुरशी अन् डिंक्या रोग, म्हणून तर खोडाभोवती डबल रिंगचं आळं करून खोड कोरडं ठेवायला सांगतात. मायक्रो स्प्रिंकलरमधे असे येतात की ज्यांचा खोडाकडचा तुकडा बंद असतो, ३०० अंशात पाणी अन् खोड कोरडं. फक्त लावताना बंद बाजू खोडाकडेच आहे ना ते पाहायचं, अन् निंदणीनंतर पुन्हा पाहायचं, कारण बाया निंदताना खुंटी हलते.

मावसभावाला मात्र आता चटक लागली. परवा म्हणे, "हेच नोझल हरभऱ्यात लावले तं? धुऱ्याचा झगडाच मिटते." मी कॅल्क्युलेटर काढला. १५ फुटांवर एक, म्हणजे एकाला २१ चौरस मीटर, एकरात ४०४७. एकरी जवळपास दोनशे नोझल, अन् सगळे मिळून मिनिटाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी.

"राहू दे गा," म्हणे, "मी कापूसवाल्याशी बोलून घेतो."