पीछे धूप है, आगे दीवार है

हिवाळ्यात ऐरोलीत रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्वेकडे दुपारचे दोन झालेले असतात. मी ट्रक डिस्पॅचर. जन्म कळव्यातला, स्वेटर फक्त ऑफिसच्या एसीपुरता माहीत, आणि रोज रात्री तिकडच्या ड्रायव्हरना बर्फातून कसं जायचं ते मी सांगतो. हसा खुशाल.

डिसेंबरातली रात्र. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरातून रॉचेस्टरला माल न्यायचा होता. रस्ता आय-९०, ईरी सरोवराच्या काठाकाठाने. ड्रायव्हर मूळचे जालंधरकडचे, साठीला टेकलेले. सगळे त्यांना पाजी म्हणतात. निघताना त्यांनी विचारलं, "पुत्तर, निकलूँ?" मी अंदाज बघितला. पुढच्या जिल्ह्याला दोन ते चार इंच. एवढा बर्फ तिकडे कुणी मोजत नाही. म्हटलं, "निकलो पाजी."

सव्वा तासाने त्यांचा फोन. "पुत्तर, पीछे धूप है, आगे दीवार है." मागे वायपरची खरखर ऐकू येत होती, गोठलेल्या काचेवर रबर घासल्यासारखी. मग ती थांबली. स्क्रीनवरचा त्यांच्या ट्रकचा हिरवा ठिपका बफेलो शहराजवळच्या अँगोला गावाच्या पुढे, हॅम्बर्ग गावाच्या अलीकडे अडकला. दर पंधरा मिनिटांनी तो ताजा होतो. चारदा झाला, जागचा हलला नाही.

मग मी रडार उघडलं. खरं तर आधी उघडायला हवं होतं. सरोवरावरून निघालेली एक पांढरी पट्टी, बाजूला सगळं कोरडं. थंड वारा न गोठलेल्या, त्या मानाने उबदार पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि काठावर बर्फ करून टाकतो. ईरी सरोवर नैर्ऋत्य-ईशान्य लांब. वारा त्याच दिशेने वाहिला की सगळ्या लांबीवरची वाफ एकाच पट्ट्यात ओतली जाते. वारा जरा वळला की पट्टा दुसऱ्या गावावर. नोव्हेंबर २०१४मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या काही उपनगरांत पाच फुटांवर बर्फ साचला होता आणि शहराच्या उत्तरेला जेमतेम काही इंच. अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा होता, पाजी पट्ट्यात होते.

हे मला तरी कुणी शिकवायला नको होतं. २६ जुलै २००५ला बाबा फोर्टमधल्या ऑफिसातून रोजच्यासारखे निघाले, कारण तिथे नेहमीचाच पाऊस होता. त्या दिवसाची नोंद कुलाब्याला ७३ मिलिमीटर, सांताक्रूझला ९४४. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, चपला हातात.

शिफ्ट लीडला म्हटलं, क्लायंटला कळवू, उशीर होणार. तो म्हणाला, "अंदाजात तर दोनच इंच आहे, ते मानणार नाहीत." मानलं नाहीच. उशिराचे पैसे कापले. पाजींनी पाठवलेल्या फोटोत साइड मिररच्या जागी नुसता पांढरा गोळा होता, तो मी मेलला जोडला होता. उत्तरात त्याचा उल्लेखही नाही.

साडेचारला शिफ्ट संपली, मी बसून राहिलो. दर अर्ध्या तासाने फोन. डिझेल किती, हीटर चालू आहे ना. पाजी मलाच समजावत होते, "पराठे हैं मेरे पास, तू सो जा." सकाळी साडेनऊच्या सुमारास बर्फ हटवणारी गाडी पोचली आणि ठिपका हलला.

घरी पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. उशीर का, म्हणाले. म्हटलं, बर्फ पडला. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ड्रायव्हर जेवला का?"