माणूस वाईट नव्हता

मंगळवार, रात्री पावणेदोन

झोप येत नाही. पाऊस पत्र्यावर सारखा वाजतोय. संध्याकाळी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३७ फुटांवर होतं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोराबाळांनाही पाठ असतं. पण मी जागी आहे ती आईच्या एका वाक्यामुळं.

जेवणं आटोपल्यावर ‘द डचेस’ हा इंग्रजी सिनेमा लावला होता. खरं तर मला एकटीला बघायचा होता. आई वातींचा कापूस आणि वाटीत घोटभर दूध घेऊन शेजारी येऊन बसली. “लाव की, मी पण बघतो.” तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून मधूनमधून सांगत होते. ही जॉर्जियाना, १७७४ साली १७ व्या वर्षी डेव्हनशायरच्या ड्यूकला दिली. लग्नाच्या रात्री तो कात्रीनं तिच्या कपड्यांच्या नाड्या कापतो. आई हळूच म्हणाली, “एवढं चांगलं कापड.”

पुढचं फारसं सांगावं लागलंच नाही. दोन मुली झाल्या, वारस हवाय, एवढं म्हटलं आणि तिनं मान हलवली. नवऱ्यानं हिच्याच मैत्रिणीला घरात ठेवून घेतलं, तिघं एका टेबलावर जेवायला बसली, तेव्हा आई माझ्याआधी “अगं बाई” म्हणाली. आणि मग ते बंद दारामागचं. तेव्हा मी काहीच सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. दुधाचं बोट वातीवर तसंच थांबलेलं.

शेवटी शेवटी तो ड्यूक खिडकीतून बाहेर खेळणाऱ्या मुलांकडं बघत उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. आईनं वाती मोजल्या, डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, “माणूस वाईट नव्हता गं तो.” मग, “मी झोपतो. दाराला कडी लाव.”

वाईट नव्हता? ते दार बघितल्यावरसुद्धा?

बाबांच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर काकू हेच म्हणाली होती, शब्दाला शब्द. आई पदर सारखा करत “व्हय” म्हणाली होती. तेव्हाही मला काहीतरी टोचलं होतं, पण त्या दिवशी कुणाला काय बोलणार.

खरं लिहायचं तर राग आला तो माझ्यासाठी. आठ महिने झाले मी इथं आहे. बॅग अजून पलंगाखालीच आहे. इतक्या दिवसांत आईनं एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीच्या ड्यूकसाठी मात्र तिच्या तोंडून चांगला शब्द निघतो. पुण्याच्या माणसाबद्दलही मनात हेच म्हणत असेल का? परवा त्याचा फोन आला तेव्हा ती उठून मागं परसात गेली. जाऊ दे, तो विषय नको.

मग फोनवर वाचत बसले. त्या काळी इंग्लंडात घटस्फोट हवा तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागायचा. मुलं बापाची. लहान मुलांच्या ताब्यासाठी आईला कोर्टात जाता यायला लागलं ते १८३९ साली, आणि जॉर्जियाना १८०६ लाच गेलेली. तिच्या प्रियकरापासून, चार्ल्स ग्रेपासून झालेली मुलगी एलायझा तिला ग्रेच्या आईवडिलांकडं सोपवावी लागली. इतर तीन मुलं दिसावीत म्हणून ती नवऱ्याकडं परत आली. ती का राहिली, हे मला कळतं.

पण आई? आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, काडीमोडाचाही केला. दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्यावरून आई आयुष्यभर लक्ष्मीपुरीत बाजाराला गेली. कायदा होता. आम्ही तिघी बहिणीही होतो.

“माणूस वाईट नव्हता.” तिला हे वाक्य लागतच असणार, भाकरीला मीठ लागतं तसं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं तर एकेचाळीस वर्षांचं तिनं करायचं काय? मला पटत नाही ते. कधी पटणारही नाही. पण सकाळी चहाच्या वेळी काढून भांडायचं, असं मघाशी ठरवलं होतं, ते नको.

आत्ता एक आठवलं. मी आले त्या रात्रीही पाऊस होता, अवकाळी. तिनं बॅग आत घेतली, काही विचारलं नाही, भात टाकला. आणि माझ्या पाठीमागं दाराला कडी घातली. बाबा असताना आमच्या दाराला रात्री कडी नसायची, ते कधीही यायचे. त्या रात्रीपासून ती रोज सांगते, कडी लाव.

आज मी विसरले होते. उठून बघून आले. कडी लावलेली आहे, आणि दाराला आतून तिची जुनी लोखंडी खुर्चीही लावून ठेवलीय.