सगळं येतं, मग बोलत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न कधी पालकांचा असतो, कधी नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांचा. मूल इंग्रजी वाचतं, त्याला कळतं, लेखी परीक्षेत मार्कही पडतात. मग दोन वाक्यं बोलायची वेळ आली की त्याची दातखिळी का बसते? इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना हे रोज बघते आहे. माझं उत्तर असं की ते मूल आळशी नसतं, अडाणी तर नसतंच. वाक्य जुळवायला जे लक्ष लागतं, तेच भीती खाऊन टाकते.

वर्गात ओळीने एकेक वाक्य वाचायला सांगितलं, की घाबरणाऱ्या मुलाकडे बघा. आपल्या आधी किती जण आहेत ते तो मोजतो, आपल्या वाट्याला येणारं वाक्य शोधतो, त्यावर बोट ठेवतो आणि ओठातल्या ओठात घोकत बसतो. मध्येच कुणी दोन वाक्यं वाचली की हिशेब चुकतो आणि बोट घाईघाईने खाली सरकतं. इतरांनी काय वाचलं, मी काय समजावलं, काही त्याच्या कानात शिरत नाही. वाचायची पाळी होऊन गेल्यावरही नाही, कारण तेव्हा आपण कुठे अडखळलो याची उजळणी चालू असते. अख्ख्या तासात त्याच्या पदरात पडतं ते एक वाक्य.

पीटर मॅकिन्टायर आणि रॉबर्ट गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच तपासलं होतं. भीती फक्त बोलताना आडवी येत नाही. ऐकलेलं आत घेताना आणि त्यावर विचार करतानाही येते, असं त्यांना दिसलं. म्हणून ‘घरी पाठ होतं, वर्गात आठवलं नाही’ ही मला सबब वाटत नाही.

त्याआधी १९८६ मध्ये भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नाव पुकारलं जाणार म्हटल्यावर थरथर होणं, इतर हसतील असं वाटणं, अशी ती विधानं आहेत. त्यांचं म्हणणं असं की परभाषेच्या वर्गातली भीती ही निराळीच चीज आहे. गणित चुकलं तर उत्तर चुकतं. इथे मात्र माणूसच कमी दिसतो. स्वतःच्या भाषेत मुद्देसूद वाद घालणारी, मित्रांना हसवणारी पंधरा वर्षांची मुलगी इंग्रजीत ‘आय लाइक इट’च्या पुढे जाऊ शकत नाही. चार लोकांसमोर आपण आहोत त्यापेक्षा बावळट दिसतोय, हे तिला त्या क्षणी कळत असतं. त्यापेक्षा गप्प बसलेलं परवडलं, असं तिला वाटलं तर मी तिला दोष देणार नाही. मोठ्यांना तर हे जास्तच लागतं, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखी प्रतिष्ठा असते.

यावर आक्षेपही आहे. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅनशो या संशोधकांचं म्हणणं असं की भाषाच जड जाते, म्हणून भीती वाटते. भीती हे कारण नव्हे, परिणाम. काही मुलांच्या बाबतीत ते खरं आहे. अशा मुलांना नुसता धीर देऊन भागत नाही. उच्चार आणि वाचन पायापासून पक्कं करून घ्यावं लागतं.

‘घाबरू नकोस’ म्हणून तर कुणाचीच भीती गेलेली मी पाहिली नाही. वेळ दिल्याने ती कमी होते. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. परभाषेत तर तीन सेकंदही अपुरे. मी आधी उत्तर वहीत लिहू देते, मग शेजाऱ्याला सांगायला लावते आणि त्यानंतरच वर्गाला. तीच मुलगी तिसऱ्या खेपेला तेच वाक्य स्पष्ट बोलते, कारण वाक्य आता तयार असतं.

आणि मधेच तोडून चूक सुधारणं बंद करा, हे मी कळकळीने सांगते. मुलगा ‘ही गो’ म्हणाला तर पूर्ण बोलू द्या, ‘हो का, ही गोज देअर एव्हरी डे?’ असं सहज विचारा आणि पुढे चला. बाकीच्या चुका कागदावर टिपून नंतर, नाव न घेता, सगळ्या वर्गाला सांगता येतात. पालकांना एवढीच विनंती, की पाहुणे आले की ‘बोलून दाखव बघू इंग्रजीत’ म्हणू नका. त्याला जे बोलावंसं वाटेल, ते आधी तुमच्याशी एकट्याशी बोलू द्या.