निफाडचे पाणी आणि विझलेली लाली

नाशिकच्या आमच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पाण्यातील नायट्रो गटाची (रेणूत नायट्रोजन-ऑक्सिजनचा ‘नायट्रो’ हा अणुगट असलेली) कीटकनाशके व बुरशीनाशके ओळखणाऱ्या ‘मॉफ’वर, म्हणजेच मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्कवर, काम चालते. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून तयार होणारे हे सच्छिद्र स्फटिक असून आम्ही त्यासाठी युरोपियम हा धातू वापरतो. अतिनील दिव्याखाली सेंद्रिय रेणू प्रकाश शोषून ती ऊर्जा युरोपियमला देतो आणि पूड 615 नॅनोमीटरच्या आसपास लालभडक चमकते. विषारी रेणूने ही ऊर्जा मध्येच काढून घेतली की लाली मंदावते.

ऑक्टोबर छाटणीनंतर, डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने बागांमध्ये फवारण्या चालू असताना, निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार काका विहिरीचे पाणी कॅनमधून घेऊन आले. “मॅडम, पाण्यात औषध उतरलंय का, तेवढं सांगा. घरात लेकरं हेच पितात.”

नमुन्याचे थेंब पडताच नळीतील लाली जवळजवळ नाहीशी झाली. काकांचा चेहरा उतरला. मात्र चमक विझली एवढ्यावरून ती कोणी विझवली हे कळत नाही, आणि ल्युमिनेसन्सवर, म्हणजे पदार्थाच्या अशा चमकण्यावर, चालणाऱ्या संवेदकांची खरी परीक्षा इथेच असते, असे माझे ठाम मत आहे. कॅनच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांमध्ये, फिकट निळा थर बसलेला दिसला.

“काका, यात एरवी काय भरता?”

“मोरचुदाचं पाणी. बोर्डोसाठी.”

बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे बुरशीनाशक मिश्रण; एक टक्का बोर्डोला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना लागतो. मोरचुदातील तांब्याचे आयन स्फटिकातील सेंद्रिय रेणूला चिकटले, तर युरोपियमपर्यंत ऊर्जा पोहोचतच नाही. म्हणून तोच नमुना धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून गाळला आणि पुन्हा पुडीवर टाकला. लाली जशीच्या तशी राहिली. न गाळलेल्या मूळ नमुन्यात ॲटोमिक ॲब्सॉर्प्शन या धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तांबे आढळले, तेही पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकातील 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेपेक्षा जास्त.

मग स्वच्छ बाटल्या देऊन विहिरीतून ताजे पाणी मागवले. त्याने चमक मंदावली नाही. तरीही नायट्रो गट नसलेली अनेक औषधे आमच्या पुडीला दिसतच नाहीत, त्यामुळे एक बाटली औषधांचे उर्वरित अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली आणि तिकडचा अहवाल हाती आल्यावरच काकांना फोन करून सांगितले, की विहिरीच्या पाण्यात औषधाचा अंश सापडलेला नाही, मोरचुदाचा कॅन मात्र पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवा.